गोड झाडाची खोट

मुलुंड (पूर्व),
२० नोव्हेंबर २०२३

चि. दीप्तीस,
सुलक्षणाआत्याचे अ. उ. आ. वि. वि.

दिवाळी झाली, भाऊबीज झाली, पण तू काही तोंड दाखवलं नाहीस. तुझा बाबा एकटाच आला. माझ्याकडून ओवाळून घेतलं, करंज्या खाल्ल्या, आणि तुझं विचारलं तर पंख्याकडे बघत बसला. दीप्तीला लॅबमध्ये काम आहे, असं काहीतरी पुटपुटला असावा. बहिणीला ऐकू येत नाही याचा मधुदादा पुरेपूर फायदा घेतो. बहिरी झाल्यापासून मला एक कळलंय, खोटं बोलताना माणसं ओठ फार कमी हलवतात.

फोनचा मला उपयोग नाही, आणि मोबाईलवर लिहायला गेलं की बोट एका अक्षरावर पडतं नि उमटतं तिसरंच. म्हणून हे पत्र. सिद्धेश रोज अंधेरीला कामाला जातोच, तो तुझ्या लॅबवर आणून देईल. पाकीट चिकटवून वर सही केलीय. फोडलेलं दिसलं तर त्याचा कान धर. माझा झील, पोटचा मुलगा असला तरी भरवसा नाही.

आता मुद्द्याचं. तुळशीचं लग्न आता चार दिवसांवर आलं, ते झालं की मुहूर्त निघतील. तुझी नि सिद्धेशची आम्ही लहानपणी नुसती थट्टा करायचो, ती तुम्हीच खरी केलीत. गुढीपाडव्याला माझ्यासमोर उभे राहून लग्न करायचं म्हणालात, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. मी माझ्या मामाच्या घरात सून म्हणून गेले, आता माझ्या भावाची पोर माझ्या घरात येणार. आपल्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची. माझी आईसुद्धा तिच्या आत्याच्याच घरात दिलेली होती. घरातलं माणूस घरात, नवीन कोणाला समजावत बसायला नको.

मग माशी शिंकली कुठे? सिद्धेशला विचारलं की ताट पुढे ढकलतो नि उठतो. भांडलात काय गो? तसं असेल तर सांग, त्याच्या पाठीत धपाटा घालते. तुझं मन फिरलं असेल तर तेही सांग. मी रडेन, दोन दिवस कोणाशी बोलणार नाही, पण मरणार नाही. हे मधलं लटकत राहणं मात्र मला सोसत नाही.

शेजारच्या उत्तराबाई विचारतात, तुमची भाची करते काय. मी ठोकून देते, चॉकलेटची डॉक्टर आहे म्हणून. भांडुपच्या कारखान्यात अर्धा जन्म मी चॉकलेटं कागदात गुंडाळली, पण ती झाडाला लागतात हे तुझ्याकडून कळलं. तेव्हा नीट समजावून लिही, म्हणजे मला थापा माराव्या लागणार नाहीत.

माया आहे तेवढीच ठेव, तीत पाणी घालू नकोस.

तुझी,
सुलक्षणाआत्या


विलेपार्ले (पूर्व),
२ डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
दीप्तीचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट शाबूत मिळालं, सिद्धेशचा कान वाचला. आमचं भांडण झालेलं नाही. माझं मनही फिरलेलं नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढचं तू वाचायचीच नाहीस. फक्त मला थोडा वेळ दे आणि का ते इतक्यात विचारू नकोस. भाऊबीजेला आले नाही त्याची माफी. तुझ्यासमोर बसले असते तर तू माझे ओठ बघितले असतेस.

कामाचं विचारलंस ते बरं केलंस, ते लिहायला सोपं आहे. कोकणातल्या नि केरळातल्या नारळी-पोफळीच्या बागांत सावलीला कोकोची झाडं लावतात. त्यांची पानं आमच्याकडे येतात. पानं वाटली की भेंडीसारखी बुळबुळीत होतात, हात धुऊन धुऊन जीव जातो. त्या बुळबुळीतून झाडाचा डीएनए वेगळा काढायचा. डीएनए म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा समज. तो वाचला की झाडाचं कूळ कळतं, कोण कोणाचं काय लागतं ते कळतं. तुम्ही बायका लग्नाच्या मांडवात बसून करता तेच, फक्त मशीन घेऊन.

कोकोचं मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिका, ॲमेझॉनच्या वरच्या अंगाचं जंगल. तिथल्या रानटी झाडांच्या बिया जांभळ्या असतात आणि कडू जहर. हजारो वर्षांपूर्वी माणसाने त्यातल्या त्यात बरी झाडं निवडून लावायला सुरुवात केली. पुढे हे झाड वर मध्य अमेरिकेत गेलं. तिथल्या लोकांना कुठेतरी पांढऱ्या बियांची, कमी कडू झाडं सापडली. झालं, सगळे त्यांच्यावर लट्टू. तीच लावायची, त्यांचंच बी पुन्हा लावायचं, बाकीची नकोत. पिढ्यान्‌पिढ्या हेच. त्यातून जी जात तयार झाली तिच्यासारखा सुवास जगात दुसऱ्या कोकोला नाही.

पण तिची दुसरी बाजू आहे. सगळी झाडं मोजक्याच आईबापांची, म्हणजे सगळी नात्यातली. गोडवा निवडताना त्याच्या आड लपलेल्या बारीकसारीक खोटीही निवडल्या गेल्या, आणि त्या बाहेर पडायला वाट राहिली नाही. म्हणून ही जात नाजूक. फळ कमी धरते, रोगाला लगेच बळी पडते. लोकांनी वाईट काहीच केलं नव्हतं गं. आवडलेलं जपलं, एवढंच केलं. त्या खोटी शोधून काढणं हे माझं काम.

उत्तराबाईंना यातलं काय सांगायचं ते तू ठरव. कानातलं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून चालत नाही, ते कानात घालावं लागतं, एवढं ऐक.

रागावली असशील तरी आशीर्वाद थांबवू नकोस.

तुझी,
दीप्ती


मुलुंड (पूर्व),
१० डिसेंबर २०२३

चि. दीप्तीस,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. मला वाटलं होतं डोक्यावरून जाईल, पण तू झकास लिहितेस. उत्तराबाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी मला विचारलं, मग आता चॉकलेट खायचं की नाही. जाऊ दे.

यंत्र कानात घातलं की मला माझ्याच चपला ऐकू येतात आणि कुकरच्या शिट्ट्या. माणसाचं बोलणं तेवढं येत नाही. ड्रॉवरमध्येच बरं आहे ते.

मला एक शंका आली. माणसं गोडाला भुलली हे कळलं. पण झाडाला स्वतःला काही अक्कल नसते का? नात्यातलं नि बाहेरचं त्याला कळत नाही? आमच्या गावच्या कोंबड्यांनाही कळत नाही म्हणा. पण तू इतकी शिकलीस, तर विचारते.

परवा सिद्धेशला जवळ बसवून विचारलं. त्याने माझा हात धरला, तोंड हललं, पण काय म्हणाला ते मला समजलं नाही, आणि पुन्हा सांग म्हणायचा धीर झाला नाही. एवढा बाप्या माणूस, डोळे भरून आले होते. दीप्ती, खरं सांग. आजारी आहे का तो? की तू आजारी आहेस?

हे गेल्यापासून मला वाईट बातमीचा वास लांबून येतो. त्याआधी माझ्या लेकीच्या, जान्हवीच्या वेळी नव्हता येत. तेव्हा मी वेडी होते. उभी राहील, आज नाही तर उद्या राहील, अशी आशा धरून बसायचे. सहा वर्षांची होऊन गेली तरी पायांत बळ धरलं नाही पोरीने, आणि शेवटी छातीत कफ भरला तो निघालाच नाही. तू तेव्हा रांगत होतीस. तुला दुपट्यावर ठेवली की ती बसल्या जागेवरून तुला हुकूम सोडायची.

माझ्या मामीने, म्हणजे सासूने, सांगितलं होतं की नववा लागला तरी कारखान्यात खोकी उचललीस म्हणून पोर अशी झाली. मी उलट बोलले नाही. उचलली होती ना खोकी. आजवर कोणाला बोलून दाखवलं नाही, तुला लिहिलं. बहिऱ्या माणसाला लिहिताना आवरत नाही बघ.

काय असेल ते लवकर कळव. जीव टांगणीला लागलाय. तुझ्यावरचा जीव मात्र जागच्या जागी आहे.

तुझी,
आत्या


विलेपार्ले (पूर्व),
२३ डिसेंबर २०२३

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही दोघंही धडधाकट आहोत. आधी हे वाच आणि पाणी पी.

तुझं पत्र वाचून मी लॅबच्या जिन्यात जाऊन बसले होते. सोबत काम करणारी मधुवंती शोधत आली, तिला सर्दी झालीय म्हणून सांगितलं. खोकी उचलण्याने काही झालेलं नाही आत्या. शपथेवर सांगते. ते मनातून काढून टाक, आजच्या आज.

तुझ्या शंकेचं उत्तर देते. झाडाला अक्कल असते. कोकोची फुलं खोडावरच येतात, नखाएवढी. चिलटासारखे बारीक किडे पराग आणून टाकतात. रानटी झाडाच्या फुलावर त्याचा स्वतःचाच, किंवा फार जवळच्या नात्यातल्या झाडाचा पराग पडला, तर तो आतपर्यंत जातो, अगदी बीजापर्यंत पोचतो, आणि तिथे झाड त्याला नाही म्हणतं. बी धरतच नाही. दोन-तीन दिवसांत फूल गळून पडतं. बाहेरचा पराग आला तरच फळ. सगळी रानटी झाडं असं करत नाहीत, पण पुष्कळ करतात.

माणसाने पाळलेल्या जातीत बघायला गेलं तर बहुतेक झाडांची ही नाही म्हणायची ताकद गेलेली आहे. सरळच आहे. आपल्या आवारात एकटंदुकटं झाड असलं तरी फळ धरायला हवं, असंच माणसाला वाटणार. जे झाड कुरकुर न करता घरचाच पराग घेतं, ते आवडतं. त्याचीच रोपं पुढे गेली. ते झाड कोणालाही नाही म्हणत नाही, आणि मग लपलेल्या खोटी दोन्हीकडून येऊन एकमेकींना मिळतात. एकेकटी असते तोवर खोट काही करत नाही. जोडी जमली की बाहेर येते.

मी हे सगळं शिकले, लिहिलं, परिषदेत उभी राहून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. जूनमध्ये चहा पिताना मधुवंतीने सहज थट्टा केली, झाडांची नाती दिवसभर मोजतेस आणि स्वतः आत्याच्या मुलाशी लग्न करतेस, तुमचं मोजलंस का. मी हसले. घरी जाईपर्यंत हसू येत होतं, मग थांबलं.

आत्या, याच्या पुढचं मला लिहिता येत नाही. आज एवढंच राहू दे. मला तोडू नकोस.

तुझी,
दीप्ती


मुलुंड (पूर्व),
२८ डिसेंबर २०२३

चि. दीप्तीस,
आत्याचे आशीर्वाद.

मी शाळा सातवीत सोडली, पण मी मठ्ठ नाही. तू झाडांचं लिहितेस आणि वाचणाऱ्याने माणसांचं समजायचं, अशी ही पत्रं आहेत हे माझ्या केव्हाच लक्षात आलं. आता सरळ लिही. आडून आडून नको.

जान्हवी तशी का झाली? हे आणि मी, आमच्यामुळे?

तुझी,
आत्या


विलेपार्ले (पूर्व),
६ जानेवारी २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हो.

हे पत्र मी किती वेळा फाडलं ते सांगत नाही. मधुवंतीच्या त्या बोलण्यानंतर सिद्धेशने आणि मी रक्त तपासून घेतलं. मला वाटलं होतं की निकाल कोराच येईल, मग तिला पार्टी द्यायला लावायची. दोघांच्यातही एकच खोट निघाली, तीच, त्याच जागची. आम्हाला तिचा काही त्रास नाही, कधी होणारही नाही. तुला नाही झाला, काकांना नाही झाला, बाबांनाही नाही. आपल्या सगळ्यांच्यात ती एकेकटी आहे, एकाच आजोबा-आजीकडून वाटत आलेली. पण मूल होताना आईचीही तीच आली नि बापाचीही तीच आली, तर मणक्यातून स्नायूंना हुकूम जातात त्या नसा दुबळ्या होत जातात. मूल बसतं, बोलतं, हुशार असतं, पण उभं राहत नाही. पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. जान्हवीचं तू जे सांगतेस ते हेच. डॉक्टरबाईंना आम्ही विचारलं, त्याही तसंच म्हणाल्या.

तू काही वाईट केलं नाहीस. काकांनी नाही, मामीआजीने नाही. मी हे नुसतं तुझी समजूत घालायला लिहीत नाही. ही खोट बाहेरच्या माणसांतही असते, अनोळखी नवरा-बायकोतही जुळते, फक्त नात्यात जुळायची शक्यता वाढते. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तपासायची सोयही तेव्हा नव्हती.

मला याची भीती होती, म्हणून मी तोंड लपवत होते. लग्नाला नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. कारण सांगायचं म्हणजे तुझ्या संसाराला हात लावायचा. तुझे आणि काकांचे ते फोटो मी लहानपणापासून बघतेय. दोघांचं किती गूळपीठ होतं.

आमचं विचारशील तर आम्ही एकमेकांना सोडायचा प्रयत्न केला. दिवाळीआधी महिनाभर भेटलो नाही. जमलं नाही यार, सिद्धेश असं म्हणाला, आणि माझंही तेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, लग्न करू नका असं मी सांगणार नाही. दिवस राहिले की तिसऱ्या महिन्यात तपासता येतं. चारात एका वेळी तो आजार निघू शकतो. निघाला तर पुढे जायचं की थांबायचं ते आम्ही ठरवायचं. आम्ही ठरवलंय. निघाला तर थांबायचं.

तू नको म्हणालीस तर मी समजेन. सिद्धेशही समजेल. तुझ्या मर्जीशिवाय मी त्या घरात येणार नाही.

उत्तर दिलं नाहीस तरी मी तुझीच आहे.

दीप्ती


मुलुंड (पूर्व),
२५ फेब्रुवारी २०२४

चि. दीप्तीस,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

फार दिवस लावले. सिद्धेशकडून दोनदा निरोप पाठवलास, मी झोपेचं सोंग घेतलं. तुझा बाबा येऊन बसून गेला, त्याच्याशीही बोलले नाही. त्यालाही हे सगळं तुझ्याकडूनच कळलं म्हणे. बिचारा माझ्यासमोर बसून रडला. रडताना ओठ बघावे लागत नाहीत.

आधी मला राग आला. तुझ्यावरच आला. कशाला उकरून काढलंस मेले, असं वाटलं. खोक्यांचं ओझं मी वाहतच होते, सवय झाली होती. ते काढून घेतलंस आणि दुसरं दिलंस. ह्यांच्या फोटोला हार घालायचा तर हात थांबायचा. हे माझे मामेभाऊ आधी, नवरा नंतर. मी स्वतः हट्ट करून यांच्याशी लग्न केलं होतं, मला दुसरी दोन स्थळं आली होती. हे तुला माहीत नव्हतं ना? मग विचार केला, दुसरीकडे गेले असते तर जान्हवी झालीच नसती. सिद्धेशही नाही. दुसरी कोणी धावणारी पोरं झाली असती आणि मी त्यांच्यावरच जीव टाकला असता. माणूस मूर्ख असतं.

मग त्या तपासणीचा विचार करत बसले. तू लिहिलंस, निघाला तर थांबायचं. बरोबर आहे. मी जे बघितलं ते बघितलेली कोणतीही बाई हेच म्हणेल. शेवटच्या थंडीत ती श्वास घ्यायची तेव्हा माझे श्वास मी मोजून घ्यायचे, तिला कमी पडतील म्हणून. तसं तुझ्या वाट्याला येऊ नये.

पण मी स्वतःला विचारलं, त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर? मी हो म्हटलं असतं बाय. डॉक्टरला हो म्हटलं असतं, घरी येऊन कुकर लावला असता, महिनाभर रडले असते आणि विसरले असते. शहाण्यासारखं केलं असं सगळ्यांनी म्हटलं असतं. आणि जान्हवी कोण, ते मला जन्मात कळलं नसतं. या विचाराने मी वेडी व्हायची पाळी आली. ती नको होती असं मला म्हणता येत नाही, आणि तशी पुन्हा यावी असंही म्हणता येत नाही. यातून वाट काढ म्हणून तुला लिहीत नाही. वाट नाही, हे मला ठाऊक आहे.

लग्न करा. माझी मर्जी आहे. उत्तराबाईंनी नाक मुरडलं तरी मी वाजतगाजत करणार. तपासणीही करा, मी आड येणार नाही.

एकच मागणं आहे. चांगलं निघालं तर पेढे आण. पण कधी तसं निघालं आणि थांबायचं झालं, तर माझ्यापासून लपवायचं नाही. सासूपासून लपवलंस तर एक वेळ चालेल, सुना लपवतातच. आत्यापासून नको. आणखी कोणी त्याला मूल म्हणणार नाही. आपण दोघी म्हणू.

मधुदादाला सांग, गुरुजींना विचारून तारीख काढ. आणि माझ्यासमोर ओठ नीट हलवत जा म्हणावं.

राग गेला आहे. जे उरलंय ते सगळं तुमच्यासाठीच.

तुझी,
आत्या


बोरिवली (पश्चिम),
९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
दीप्तीचा शि. सा. न. वि. वि.

लग्नानंतर आम्ही इकडे बोरिवलीत राहायला आलो, तुला आई म्हणायला लागले, पण हे पत्र आत्याला आहे.

गणपतीला आम्ही दोघं आलो नाही, मला ताप आहे असं सिद्धेशने तुला सांगितलं. ताप नव्हता. मला दिवस होते. तिसरा महिना. तू लपवू नकोस म्हणाली होतीस आणि मी लपवलं, कारण चांगला रिपोर्ट हातात घेऊनच तुझ्याकडे यायचं होतं. पेढ्यांचं दुकानसुद्धा बघून ठेवलं होतं.

रिपोर्ट विसर्जनाच्या आधी आला. तेच निघालं. डॉक्टरबाई सावकाश बोलत होत्या, पण पहिल्या वाक्यानंतरचं मी काही ऐकलं नाही. सिद्धेशने ऐकलं. आम्ही ठरवलं होतं तसंच केलं. हॉस्पिटलबाहेर विसर्जनाचे ढोल वाजत होते, गाड्या अडकल्या होत्या, आम्हाला घरी यायला खूप उशीर झाला. आता माझी तब्येत बरी आहे. अंगाचं दुखणं काही नाही.

आज कामावर गेले. झाडाच्या वारशात खोट सापडली की कॉम्प्युटरवर तिच्यापुढे मी एक शब्द लिहिते, हानिकारक. इतकी वर्षं हजारो वेळा लिहिला असेल, चहा पीत, गाणी ऐकत. आमच्या रिपोर्टमध्येही तोच शब्द होता. आज माझ्याच्याने तो लिहिला गेला नाही. मधुवंतीने तिची खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या ओळी तिने भरल्या.

सगळे म्हणतात, आम्ही शहाणपणाचं केलं. मलाही पटतं. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा तसंच करीन, हेही तुला खरं ते सांगते. पण मुलगा होता की मुलगी ते कायद्याने सांगत नाहीत, मीही विचारलं नाही, आणि तरी माझ्या मनात ती मुलगीच आहे आणि तिला चेहरा आहे. तो कोणाचा आहे हे तुला सांगायला नको.

हे पत्र घेऊन सिद्धेशच येतोय. त्याला काही विचारू नकोस, आधी जेवायला घाल. दोन दिवस तो नुसता चहावर आहे. माझ्यासमोर रडत नाही, तुझ्यासमोर रडेल.

रविवारी मी येते. मला जान्हवीचं सांग. तिचं आजारपण नको, ते मला पाठ आहे. ती कशावर चिडायची, भाताबरोबर काय मागायची, खोटं बोलायची का, कोणावर दादागिरी करायची, झोपताना काय बडबडायची, ते सगळं सांग. फोटोत यातलं काहीच कळत नाही. मी कोणाला नाही म्हटलं, ते मला कळू दे.

तुझी,
दीप्ती